टिकलीतली दुर्गाबाई

विधवा बाईचा हेवा कोण करतं हो? नवरा गेलेला, एकुलती एक पोरगी घर सोडून गेलेली, अडीच एकर रान आणि दोन खोल्या, त्यातल्याही एका खोलीत हळकुंडांची पोती. अशा बाईकडे बघून लोक च्च च्च करतात आणि आपल्या वाटेनं जातात. केनवडची चतुराबाई मात्र अशाच एका बाईवर तेहतीस वर्षं जळत होती. आणि ती बाई दुसरी तिसरी कुणी नव्हती, तिची सख्खी धाकटी जाऊ होती, दुर्गाबाई.

हे जळणं लग्नाच्या मांडवातच सुरू झालं. दोघा भावांची लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात लागली. थोरल्या उकंडरावाची चतुरा, धाकट्याची दुर्गा. मान थोरलीचा, हे काय सांगायला पाहिजे? पण सासूबाई ओवाळायला आल्या आणि ताट हातात धरून धाकटीकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "पाह्य वं माय, कशी हसून राह्यली पोट्टी!" बस्स, एवढंच. तेवढ्यावर चतुराबाईच्या पोटात जे दुखायला लागलं ते आजपर्यंत थांबलं नाही.

आता खरं बघायला गेलं तर चतुराबाईकडे काय कमी होतं? नवरा धडधाकट. दोन लेक, दोघंही नोकरीला, एक वाशीमला, एक नांदेडला. स्लॅबचं घर. घरात फ्रिज आला तो गल्लीत पहिला. तो आला त्या दिवशी तिनं मुद्दाम दुर्गाबाईला हाक मारून बोलावलं, दार उघडून आतला दिवा दाखवला. दुर्गाबाई म्हणाली, "बरं झालं बाई, उन्हायात गार पानी भेटन सगळ्यायले." पेलाभर पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि रानात निंदायला निघून गेली. झालं! चतुराबाई त्या दिवशी जेवली नाही.

कारण तिचं दुखणं जरा निराळंच होतं. दुर्गाबाईचं काही आपल्याला मिळावं, असं तिला कधी वाटलं नाही. तिच्याकडे होतंच काय घेण्यासारखं! चतुराबाईला हवं होतं ते एवढंच, की दुर्गाबाईनं आयुष्यात एकदा तरी आपल्याकडे बघून जळावं. चांगलं चरचरून जळावं. पण ती बया कशानंच जळत नव्हती. घर बांधलं, बरं झालं बाई. लेक नोकरीला लागला, बरं झालं बाई. पाटल्या केल्या, हातात घेऊन बघितल्या, शोभतात म्हणाली, वर पुन्हा बरं झालं बाई. ऐकणाऱ्यानं करावं तरी काय?

एका गोष्टीत मात्र चतुराबाईला तोड नव्हती, आणि ती तिची तिला पक्की ठाऊक होती. हळद! सगळ्या केनवडात तिच्यासारखी हळद कुणाची होत नसे. लोक कढईखाली जाळ लावून गप्पा मारत बसतात आणि कंद गिचका होईपर्यंत शिजवतात. चतुराबाई कढईपासून हलायची नाही. दर थोड्या वेळानं एक कंद काढायची, त्यात तुरीची काडी खुपसायची, काडी आरपार गेली की लगेच कढई उतरवायची. वाळवतानाही तसंच. दव पडायच्या आत झाकायची, ऊन चढलं की उघडायची, पंधरा दिवस खळ्यावरून हलायची नाही. हळकुंड मोडलं तर आत केशरी रंग उठून दिसायचा. दुर्गाबाईची हळद? चांगली होती, नाही म्हणायला नको. पण चतुराबाईच्या हळदीशेजारी ठेवली की फिकी दिसायची.

दोन वर्षांपूर्वी केनवडच्या बावीस बाया एका शेतकरी कंपनीत सामील झाल्या. हळद दळायची, पाव-पाव किलोच्या पिशव्या भरायच्या आणि पुण्या-नागपुरात विकायच्या, असं काम. कंपनीकडून मालेगावची वैभवी नावाची पोरगी स्कुटीवरून यायची. शेतकीची पदवी घेतलेली, बोलायला गोड, बायांना मावशी म्हणायची. गेल्या उन्हाळ्यात ती एक डबा घेऊन आली. डब्यात गोल गोल पांढऱ्या चकत्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या, मागून चिकटणाऱ्या.

"मावशी, हे प्रत्येक पिशवीवर लावायचं," वैभवी म्हणाली. "आत केसासारखी बारीक तार गुंडाळलेली आहे. गिऱ्हाइकानं फोन टेकवला की ही फोनच्याच जोरावर जागी होते आणि आपला नंबर सांगते. मग फोनवर तुमचं पान उघडतं. तुमचा फोटो, तुमचं रान, तुमचा आवाज. कुणाच्या हातची हळद खातोय ते माणसाला घरबसल्या कळतं."

तिनं चकतीचं इंग्रजी नावही सांगितलं, पण ते कुणाच्या तोंडात बसेना. बायांनी तिला टिकली म्हणायला सुरुवात केली. दुर्गाबाईनं आपल्या पिशवीवर पहिली टिकली लावली आणि हसून म्हणाली, "माह्या कपाळाची त गेली, पिशवीची त राह्यली बाप्पा!" सगळ्या बाया हसल्या, दोघीतिघींनी डोळेही पुसले. चतुराबाईनं नाक मुरडलं. इथेही हिचंच कौतुक!

मग फोटो आणि आवाज. चतुराबाईनं लेकाच्या लग्नातली पैठणी नेसली, पाटल्या घातल्या, खुर्चीत ताठ बसली आणि वैभवीनं दहादा सांगूनही हसली नाही. फोटो असा आला की त्याला नुसता हार घालायचा बाकी होता. आवाजासाठी तिनं उकंडरावाकडून कागदावर लिहून घेतलं होतं. "नमस्कार. मी सौ. चतुराबाई उकंडराव, प्रगतिशील महिला शेतकरी. आमच्या येथील हळद उच्च प्रतीची असून..." असं ते मिनिटभर चाललं.

दुर्गाबाई धुण्यावरून तशीच आली होती, पदर खोचलेला, हात ओले. वैभवी म्हणाली, "घरच्या माणसाशी बोलता ना, तसं बोला." दुर्गाबाई फोनकडे बघून बोलली.

"मी दुर्गाबाई, केनवडची. हळद अदुगर तेलात टाकत जाय वं माय, पन करपू नोको देऊ. अन् सर्दी झाली असन त दुधात घे, वरून गूळ टाकजो. जेवत जाय टायमावर."

"झालं?" वैभवीनं विचारलं. "झालं," दुर्गाबाई म्हणाली आणि पुन्हा धुण्यावर गेली.

चतुराबाई मनात म्हणाली, हे काय बोलणं झालं? कोण ऐकणार हे?

ऐकत होते ना! वैभवी दर सोमवारी बायांच्या ग्रुपवर यादी टाकायची, कुणाच्या टिकलीला किती वेळा फोन टेकला त्याची. आषाढात चतुराबाईचे अडतीस झाले आणि दुर्गाबाईचे एकशे सव्वीस. श्रावणात चतुराबाई एकसष्ट, दुर्गाबाई दोनशे चाळीस. वर वैभवीनं जाहीर करून टाकलं, की दिवाळीनंतर नागपूरला मोठं प्रदर्शन आहे, कंपनीचा गाळा लागणार आहे, आणि जिची टिकली सगळ्यात जास्त वाचली जाईल ती बाई चार दिवस गाळ्यावर बसेल. मागे भिंतीएवढा तिचा फोटो लागेल.

भिंतीएवढा फोटो! चतुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दुर्गाबाईचा भिंतीएवढा फोटो, खोचलेल्या पदराचा, ओल्या हाताचा. आणि खाली लिहिलेलं असणार, केनवडची हळद. अरे, केनवडची हळद म्हणजे कोण? काडी खुपसून कोण बघतं? खळ्यावर पंधरा दिवस कोण बसतं?

मग तिनं काय करावं? दुपारी घरात कुणी नसताना उकंडरावाचा फोन घेतला, आपली पिशवी मांडीवर ठेवली आणि फोन टेकवायला सुरुवात केली. टेकव, उचल. टेकव, उचल. पान काही उघडेना, म्हणून कधी काचेची बाजू, कधी पाठ. टिकलीवर हळूच कुंकवाचं बोटही टेकवलं, कामाची वस्तू आहे, मान ठेवलेला बरा. असं रोज शंभर वेळा, मोजून, आठ दिवस. सोमवारी यादी आली. चतुराबाई, त्रेसष्ट.

"दोनच कसे वाढले वं?" तिनं वैभवीला गाठून आडवळणानं विचारलं. "समज, एखाद्यानं लय येळा टेकवला, तं?"

"कोणता फोन, मावशी?"

चतुराबाईनं फोन काढून दाखवला. वैभवी हसली. "याच्यात टिकली वाचायचं यंत्रच नाही. स्वस्तातल्या फोनात बहुतेक नसतं ते. याला जन्मभर टेकवत बसलात तरी काही होणार नाही." घरी येऊन चतुराबाईनं तो फोन उकंडरावापुढे असा आपटला, की बिचारा विचारत राहिला, "अवं, म्या काय केलं?"

पण बाई हटणारी नव्हती. ती शिरपूरला गेली. तिथल्या जैन मंदिराबाहेरच्या एका दुकानात कंपनीच्या पिशव्या असायच्या. यात्रेकरू लांबून लांबून येतात, त्यांच्या हातात भारीतले फोन असतात. चतुराबाई दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसली. दिसला माणूस की म्हणायची, "दादा, फोन टेकवा ना जी एकडाव. विकत नका घेऊ, नुसता टेकवा." काही भले लोक टेकवायचे. फोनमधून तिचाच आवाज यायचा, "नमस्कार, मी सौ. चतुराबाई..." आणि माणूस प्रगतिशीलपर्यंत पोचायच्या आत फोन खिशात घालायचा. चार दिवसांत एकोणीस झाले. उन्हानं डोकं ठणकायला लागलं, पण एकोणीस झाले. आणि त्याच आठवड्यात, घरात बसल्या बसल्या, दुर्गाबाईचे चौतीस वाढले.

आता चतुराबाईची खात्री पटली, की यात काहीतरी काळंबेरं आहे. एवढं कोण ऐकतं त्या बाईला? काय सांगते ती अशी, हळद तेलात टाका? ते शेंबड्या पोराला ठाऊक असतं! दिवाळीच्या आदल्या सोमवारी यादीत चतुराबाई दुसऱ्या नंबरावर होती, एकशे बारा. पहिली दुर्गाबाई, चारशे सदुसष्ट. तिनं वैभवीला फोन करून सांगितलं, "तू ये. मले तपासून दाखव. कोनीतरी बदमाशी करून राह्यलं."

वैभवी आली, चतुराबाईच्या ओसरीवर बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. थोडा वेळ बोटं चालवली, मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मावशी, खरंच गडबड आहे. दुर्गामावशीच्या बाकी पिशव्यांचे मिळून नव्वदच आहेत. तुमच्याहून कमी. उरलेले सगळे एकाच पिशवीचे. एकच टिकली, एकच फोन."

"पाह्य!" चतुराबाई मांडीवर थाप मारून म्हणाली. "म्या म्हनत नोती?"

"चाकणहून आहे. पुण्याकडे. रोज सकाळी सहाच्या सुमाराला एकदा, संध्याकाळी एकदा-दोनदा, आणि दरवेळी आवाज शेवटपर्यंत ऐकलेला. एका दिवशी तर चोवीस वेळा. थांबा, कोणता दिवस हा..." वैभवीनं तारीख बघितली. "राखीपौर्णिमा."

चतुराबाईची थाप मांडीवरच राहिली.

राखीपुनवेला घरात एक पोर जन्मली होती. दुर्गाबाईच्या कळा थांबत नव्हत्या, दवाखाना लांब, आणि ही चतुराबाईच सुईणीशेजारी रात्रभर बसली होती. पुनवेची म्हणून पौर्णिमा. दुर्गाबाईला दूध येईना तर चतुराबाईनं आपल्या धाकट्यासोबत तिलाही पाजलं होतं. ती पोर हिला मोठ्याई म्हणायची. तीन वर्षांपूर्वी ती जातीबाहेरच्या पोराशी लग्न करून चाकणला गेली, तो तिकडे कारखान्यात होता. बाप नुकताच वारलेला. दुर्गाबाई भर गल्लीत उभी राहून ओरडली होती, "माह्या उंबऱ्यात पाय ठेवशीन तं माहं मेलेलं तोंड पाह्यशीन!" जन्मात कधी आवाज न चढवलेली बाई. तेव्हापासून पोरगी आली नाही. फोन करायची, तो आई उचलायची नाही. शपथ घातलेली, कोण मोडणार? आईच्या जिवाची शपथ होती ती.

आणि आता चाकणच्या कुठल्यातरी दुकानात पोरीच्या हाताला आईची पिशवी लागली होती. घरी नेऊन ती रोज सकाळ-संध्याकाळ फोन टेकवून आईचं तोंड बघत होती, जिवंत तोंड. जेवत जाय टायमावर, हे ऐकत होती.

"मावशी?" वैभवी म्हणाली. "तिकडे ओळखीचं कोणी आहे का दुर्गामावशींचं? असेल तर सांगा, मी ही टिकली चालूच ठेवीन. नसेल तर बंद करावी लागेल. एखाद्या पोराच्या हातातलं खेळणं झालेलं असतं, आणि बाकीच्या बायांवर अन्याय होतो."

आता इथे एखादी देवमाणूस बाई असती तर तिनं काय केलं असतं, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चतुराबाई देवमाणूस नव्हती. खरं सांगायचं तर तिला पोरीची आठवण आली, डोळ्यात पाणीसुद्धा आलं. पण त्याच्या पाठोपाठ जे आलं ते पाण्याहून कढत होतं. म्हणजे या बाईला हेसुद्धा आहे? आपले दोन लेक, दोघं आठवड्यातून एकदा फोन करतात, तब्येत बरी का, बरी, ठेवतो. आणि हिची हाकललेली पोरगी हिच्या आवाजासाठी रोज पहाटे उठते. हिनं शिव्या घातल्या तरी हिच्यावर जीव टाकतात लोक. मांडवात सासूनं टाकला तसाच.

"नाही बा," चतुराबाई म्हणाली. "चाकनले कोनी नाही आमचं."

"मग बंद करते." वैभवीनं एक बटण दाबलं. एवढाच आवाज झाला.

यादी सुधारली. चतुराबाई एकशे बारा, पहिली. दुर्गाबाई नव्वद. ग्रुपवर बायांनी फुलं पाठवली, टाळ्या पाठवल्या. दुर्गाबाई दारावरून जाताना थांबली. चतुराबाई ओसरीवर तयारच बसली होती. आता दिसेल. आता हिच्या तोंडावर दिसेल.

"बरं झालं बाई," दुर्गाबाई म्हणाली. "हळद तुमचीच चांगली हाय. म्या म्हनतच होती."

आणि गेली की निघून! चतुराबाईला वाटलं, धावत जाऊन हिचा खांदा धरावा आणि गदागदा हलवावा.

पंधरा दिवस गेले. चतुराबाईनं नागपूरसाठी नवी साडी आणली, पिशवी भरून दारामागे ठेवली. पण जीव थाऱ्यावर नव्हता. तिकडे चाकणला पोरगी पिशवीला फोन टेकवत असेल आणि काही उघडत नसेल, हे तिच्या डोक्यातून जाईना. मग ती स्वतःलाच समजावायची. नसेल उघडत तर काय झालं? पिशवीतली हळद तरी कधीच संपली असेल.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या गाडीनं पौर्णिमा आली. कडेवर वर्ष-दीड वर्षाची पोर, पायात घरातल्याच चपला, केस विस्कटलेले. थांब्यापासून ती पळतच आली, आणि दुर्गाबाईच्या दारापुढे येऊन थबकली. उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. बाहेरूनच ओरडायला लागली.

"आई! आई वं! हायेस ना तू?"

गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. चतुराबाईही आली, आपल्या ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. दुर्गाबाई मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. हातात सूप घेऊन पुढे आली आणि दारात खिळली.

पौर्णिमानं आईला बघितलं आणि रस्त्यावरच फतकल मारून रडायला लागली. "तुहं पान बंद पडलं वं आई. फोन टेकवला का लिवून येते, नोंद बंद करण्यात आली हाय. बाबा गेले तवा रेशनच्या कागदावर बाबाच्या नावापुढं असंच आलतं. म्या पंधरा दिस रोज टेकवून पाह्यला. तू फोन उचलत नाही. कोनाले इचारू? मले वाटलं, तू..." मग ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "मी उंबरा नाही शिवत. शपत हाय तुही. मले फक्त पाहू दे."

दुर्गाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं, शेंगा दारभर झाल्या.

"सुटली," ती म्हणाली. लेकरं खेळात शपथ सोडवतात ना, तसंच. मग पुन्हा म्हणाली, "सुटली वं माय, शपत सुटली. सुटली म्हनलं ना! ये आत." आणि पोरगी उठायच्या आधी ती स्वतःच उंबरा ओलांडून धावत आली. रस्त्यात बसून तिनं लेकीला आणि नातीला एकाच मिठीत घेतलं. तीन वर्षांचं रडणं होतं, ते काही लवकर आवरलं नाही.

सगळी गल्ली डोळे पुसत होती. समोरची सोनीबाई म्हातारी पुढे झाली आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "माहे गुरुवार पावले! म्याच सांगतलं होतं दुर्गीले, गुरुवार धर, पोरगी पायानं चालत येईन. अकरा गुरुवार! पाह्यलं ना?"

बाया माना डोलवायला लागल्या. हो वं माय, गुरुवारच पावले. सोनीबाईचा सल्ला लागू पडला. कुणी सोनीबाईच्या पाया पडायला वाकलं.

हे मात्र चतुराबाईला सहन होईना. सोनीबाईचे गुरुवार? हिनं उपास सांगितले आणि नाव हिचं? खांब सोडून ती रस्त्यावर उतरली.

"कायचे गुरुवार!" ती ओरडली. "म्या आनली तिले! थे पान म्याच बंद कराले लावलं!"

माना डोलवणाऱ्या बाया तिच्याकडे वळल्या. तोंडातून निघून गेल्यावर चतुराबाईला कळलं, आपण काय बोललो. दुर्गाबाईनं मान वर केली.

"तुमी?"

"हो, म्या."

"तुमाले ठाऊक होतं, चाकनहून कोन पाहून राह्यलं थे?"

खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. पौर्णिमा तिच्याकडे बघत होती, मोठ्याईकडे. "होतं," चतुराबाई म्हणाली. "वैभवीनं इचारलं, कोनी हाय का तुमचं. म्या म्हनलं, नाही. मले नागपुरले जायचं होतं."

आता होईल ते होऊ दे, असं म्हणून ती उभी राहिली. दुर्गाबाई उठेल, झिंज्या धरेल, सात पिढ्या उद्धरेल. चतुराबाईला ते चाललं असतं. खरं तर तिला तेच हवं होतं. तेहतीस वर्षांत एकदा तरी या बाईनं आपल्यावर पेटावं.

दुर्गाबाई तिच्याकडे बघत होती, पण लक्ष नव्हतं. मांडीवरची नात तिचा कान ओढत होती आणि तिचं सगळं चित्त त्या एवढ्याशा हातात होतं. पोरीच्या नाकाचा शेंबूड तिनं पदरानं पुसला.

"जा ना बाई मंग नागपुरले," ती साध्या आवाजात म्हणाली. "चांगली साडी नेसजा. मले कुठी टाइम हाय आता?" आणि लेकीला उठवत म्हणाली, "चाल वं. पोरीनं काही खाल्लं का सकायपासून?"

तिघी आत गेल्या. दारातल्या शेंगा कुणीतरी गोळा केल्या. बायाही आपापल्या घरी गेल्या, जाताना चतुराबाईकडे बघत, कुजबुजत.

उकंडराव शेतातून आला तेव्हा नागपूरची पिशवी रिकामी केलेली होती आणि चतुराबाई नवी साडी घडी करून पेटीत ठेवत होती. गल्लीतल्या गोष्टी त्याच्या कानावर आल्याच होत्या. तो भीत भीत म्हणाला, "अवं, सकायची गाडी हाय ना तुही?"

"नाही जात मी."

"काहून? शरम वाटून राह्यली?"

"शरम कायची!" चतुराबाईनं पेटीचं झाकण धाडकन लावलं आणि त्यावरच बसली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाजात राग होता. "मी गेली काय अन् भिंतीएवढी होऊन बसली काय, तिले कायी वाटनार हाय का?"